वाचकांचे प्रश्न : पेटीची सवय आणि डावा हात

प्रश्न : मी चाळीसगाव येथे राहते आणि आमच्या भजनी मंडळात बरीच वर्षे पेटी वाजवते. नातीसाठी घरात 61 पट्ट्यांचा कीबोर्ड आल्यापासून मी जर्मन संगीतकार पाखेलबेल यांच्या ‘कॅनन इन डी’ची सोपी आवृत्ती शिकत आहे. उजव्या हाताची सुरावट आठवड्याभरात बसली, परंतु डावा हात सोबत घेतला की दोन्ही हात अडतात. शिवाय ही आवृत्ती पांढरी एकमध्ये (म्हणजे सी स्वरात) आहे, मूळ रचना पांढरी दोनमध्ये (डी स्वरात). मग मी शिकते ते खरे म्हणायचे का? सरगम लिहून घेतली तर चालेल का?

उत्तर : खरेपणाची शंका आपण मनातून काढून टाकावी. योहान पाखेलबेल (1653–1706) यांनी ही रचना तीन व्हायोलिन आणि साथीचा खर्ज (खालच्या स्वरांची ओळ) यांसाठी केली होती. पियानो हे वाद्य तर त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस, 1700च्या सुमारास, इटलीत नुकतेच आकाराला येत होते. त्यामुळे पियानोवरची या रचनेची प्रत्येक आवृत्ती, सोपी असो वा अवघड, रूपांतरच असते. पांढरी दोनऐवजी पांढरी एक घेणे म्हणजे केवळ सा बदलणे, आणि गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सा बदलणे आपल्याला नवे नाही. मात्र ज्या आवृत्तीत खर्जाचे स्वरच कमी केलेले असतील, ती बाजूला ठेवावी, कारण या रचनेचा सगळा डोलारा त्या आठ स्वरांवर उभा आहे.

ते स्वर असे : सा प ध ग म सा म प. सरगम अवश्य लिहावी. पहिला सा वरचा, सहावा त्याच्या खालच्या सप्तकातला आणि बाकीचे या दोहोंच्या मध्ये. सगळे स्वर शुद्ध आहेत, आणि प्रत्येकाला एक मात्रा दिली की केहरव्यासारखे आठ मात्रांचे एक आवर्तन होते. संपूर्ण रचनेत हे आवर्तन 28 वेळा, जराही न बदलता, येते. जात्याचा फेरा तोच राहतो आणि ओवी पुढे सरकत जाते, हे बहिणाबाईंच्या खानदेशात मी वेगळे सांगायला नको.

आपली अडचण बुद्धीची नाही आणि वयाचीही नाही. पेटी वाजवताना आपला डावा हात इतकी वर्षे भाता सांभाळत आला. पट्ट्यांची ओळख त्याला झालेलीच नाही. म्हणून काही दिवस उजव्या हाताला विश्रांती द्यावी. वरचा सा डाव्या अंगठ्याने आणि खालचा सा करंगळीने घ्यावा. बोटे ताणण्याऐवजी हातच सरकवावा. बहुतेकांचा हात ध वरून ग वर उतरताना चुकतो, तेव्हा तेवढेच दोन स्वर, पट्टीकडे न पाहता जमेपर्यंत, घोटावेत. त्यानंतर डाव्या हाताने आवर्तन चालू ठेवून ग रे सा नि ध प ध नि ही वरची ओळ तोंडाने गावी. भजन गाता गाता पेटी वाजवणाऱ्याला हे लवकर साधते, आणि जे गाता आले ते उजव्या हाताला सोपवणे अवघड जात नाही.

आणखी एक सवय मोडावी लागेल. पेटीचा स्वर भात्यात हवा असेपर्यंत टिकतो, तर पियानोत हातोडी तारेवर आदळते आणि त्याच क्षणापासून स्वर विरू लागतो. कीबोर्डवरचा पियानोचा आवाजही तसाच वागतो. पट्टी दाबून धरल्याने तो वाढत नाही, उलट आधीचा स्वर पुढच्यात मिसळून खर्ज गढूळ होतो. पुढची पट्टी दाबताच मागची सोडावी.

हात बसला की सा पांढरी दोनवर न्यावा. तेव्हा ग काळी तीनवर आणि नि काळी एकवर येईल.

सोप्या आवृत्तीत एक गोष्ट मात्र हरवते, आणि मला तिची फार हळहळ वाटते. मूळ रचनेत पहिल्या व्हायोलिनची सुरावट दुसरे व्हायोलिन एक आवर्तन उशिराने आणि तिसरे दोन आवर्तने उशिराने जशीच्या तशी उचलते. कॅनन म्हणतात ते यालाच. आपल्या घरी हे करून पाहता येईल. नातीने कीबोर्डवर आठ स्वरांचा खर्ज धरावा, आपण पेटीवर सुरावट सुरू करावी आणि मंडळातील एखाद्या गाणाऱ्या मैत्रिणीने एक आवर्तन थांबून तीच सुरावट ‘आ’कारात गावी. त्याआधी पेटीचा सा कीबोर्डशी जुळतो का ते पाहावे; किंचित फरक असल्यास आणि कीबोर्डमध्ये ट्यूनिंगची सोय असल्यास तो तेथेच जुळवून घ्यावा.