डायरी लिहून आयुष्याचं ध्येय खरंच सापडतं का?

प्रश्न थोडक्यात असा की वय २६, नोकरी बरी, पगार बरा, पण नक्की काय करायचंय तेच कळत नाही, जो तो म्हणतो जर्नलिंग कर, तीनदा डायरी सुरू केली आणि तिन्हीदा सुटली, तर यातून खरंच काही हाती लागतं का. वयाने बराच लहान आहेस म्हणून सरळ अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

लागतं, पण लिहिलेलं परत वाचलं तरच.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलो, आता मांजलपूरला राहतो आणि गेली अठरा वर्षं एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो, म्हणजे आमच्या गुजराती क्लायंट्सच्या भाषेत मेहताजी. त्यामुळे मला सगळं कीर्द-खतावणीतच सुचतं, चालवून घे. जर्नल म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर रोजकीर्द येते, दिवसभरात जे झालं ते तारखेप्रमाणे लिहून मोकळं व्हायचं. पण नुसती रोजकीर्द बघून धंदा नफ्यात आहे का तोट्यात हे कोणाच्या बापाला कळत नाही, त्यासाठी एकेक नोंद उचलून ज्या त्या खात्यावर टाकावी लागते, ती खतावणी. डायरी लिहिणारे लोक वर्षानुवर्षं कीर्द लिहितात आणि खतावणी कोणी करतच नाही, मग म्हणतात एवढं लिहून काही उपयोग झाला नाही.

माझं सांगतो. २०१९ च्या दिवाळीत ऑफिसात चोपडापूजन झालं, म्हणजे हिशेबाच्या नव्या वह्यांची पूजा, एक लाल वही जास्तीची आली होती, ती मी घरी आणली. पहिल्या पानावर झोकात लिहिलं, माझी ध्येयं, आणि खाली चार, तबला परत सुरू करणे, पुण्याला शिफ्ट होणे, वजन, आईला वेळ देणे. दुसऱ्या पानापासून रोज रात्री जेवण झालं की डायनिंग टेबलावर बसून सहा ओळी, जास्त नाही, कारण स्वतःला ओळखून होतो, पान भरायचं ठरवलं असतं तर आठवड्यात वही रद्दीत गेली असती.

जानेवारीत उत्तरायण आलं, सगळी सोसायटी गच्चीवर, लाउडस्पीकर, उंधियू, आणि माझं बोट पहिल्याच दिवशी सकाळी मांज्याने असं कापलं की पतंग बंद. मग खाली येऊन बसलो आणि करायला काही नाही म्हणून वही काढली. सवयीने मागच्या पानावर खाती पाडली आणि पेन्सिलीने रेघा मारत गेलो, चार उभ्या पाचवी आडवी. ऑफिस ५२. आई २३. पैसा १९. पुणे ४, आणि चारही वेळा पुण्याहून मावसभावाचा फोन आलेला तेव्हाच, म्हणजे पुण्याला जायची इच्छा माझी नव्हतीच, त्याची होती, तो फोनवर ती माझ्या डोक्यात घालायचा आणि दोन दिवस ती तिथे राहायची. तबला ३. तिन्ही ठिकाणी एकच वाक्य, आज पण तबला काढला नाही.

यावर जरा थांबतो कारण मला सगळ्यात जास्त धक्का याचा बसला. आमचं गाव गाण्याबजावण्याचं, गायक मौलाबक्षांनी १८८६ साली इथे सरकारी गायनशाळा सुरू केली तेव्हापासूनचं, आणि जुन्या मराठी घरात पोराला काहीतरी वाजवता आलंच पाहिजे असा दंडक. बाबा सुंदर वाजवायचे. मी नववीपर्यंत शिकलो, मग सुटलं, आणि पुढे वीस वर्षं कोणी विचारलं तुझं पॅशन काय तर मी बेधडक तबला सांगायचो. तीन महिन्यांत एकदाही असं लिहिलं नव्हतं की आज वाजवावंसं वाटलं. अरे, ते ध्येय नव्हतंच, ते बाबांचं देणं होतं माझ्या डोक्यावर, आणि मी ते येणं म्हणून दाखवत होतो. त्या उन्हाळ्यात तबल्याची जोडी चुलतभावाच्या मुलाला देऊन टाकली, आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, पण मला असं हलकं वाटलं की काय सांगू.

आता दुसरी बाजू. वहीत पाच नोंदी अशा होत्या ज्या सहा ओळींत मावलेल्याच नव्हत्या, अक्षर समासात घुसलेलं. त्यातली एक जशीच्या तशी देतो: “१४ नोव्हें. वरच्या मजल्यावरच्या काकांचं लाइफ सर्टिफिकेट. मशीन अंगठा घेईना. तीनदा फेल. काच पुसली, काकांचा हात कोमट पाण्यात धरला, नीट कोरडा केला, मग अंगठा सोडून मधलं बोट लावलं, लगेच आलं. काका मशीनला म्हणाले, पटलं ना आता, जिवंत आहे मी. काकूंनी चिवडा दिला. साडेनऊ वाजले, कळलंच नाही.” पेन्शनवाल्यांना दरवर्षी नोव्हेंबरात जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोटाच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून ही सगळी कसरत. बाकीच्या चार नोंदी पण असल्याच, कोणाचं बँकेत नॉमिनी लावणं, कोणाचा अडकलेला रिफंड. पहिल्या पानावरच्या चार ध्येयांत याचा पत्ता नव्हता. आता मी दर नोव्हेंबरात रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात टेबल टाकून बसतो. याला पर्पज म्हणतात की नाही देव जाणे, स्टेटसला टाकण्यासारखं तर काही नाहीये त्यात.

तर तू काय करायचं. “माझं ध्येय काय” हा प्रश्न डायरीला विचारूच नकोस, त्यावर आपण कायम भाषण लिहितो, मी पण लिहिलं होतं. नुसत्या नोंदी कर. वेळ कुठे गेला, कोणाचा राग आला, कशात घड्याळ बघायचं राहिलं, कोणाचा हेवा वाटला. हेवा नक्की लिही, लाज वाटली तरी, कारण हेव्यात माणूस खोटं बोलत नाही. दोन-तीन महिन्यांनी एक सकाळ काढून खाती पाड, आणि जवळ फोनवरचं यूपीआयचं स्टेटमेंट पण घेऊन बस, डायरीत आपण स्वतःला फसवतो पण बँक स्टेटमेंट नाही फसवत. माझ्या वहीत वजन वजन चाललेलं आणि स्टेटमेंटमध्ये सेव उसळीचे पैसे, दर शनिवारी, न चुकता.

एक वेगळी गोष्ट, काही जण मनातली जखम मोकळी करायला लिहितात, ते प्रकरण निराळं. अमेरिकेत पेनेबेकर आणि बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग छापला, कॉलेजच्या मुलांना लागोपाठ चार दिवस १५-१५ मिनिटं लिहायला बसवलं, काहींना साध्या विषयावर, काहींना आयुष्यातल्या वाईट प्रसंगावर. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल काय वाटलं हे दोन्ही लिहिलं त्यांना लिहून झाल्याझाल्या उलट जास्तच वाईट वाटलं, पण त्यांच्याच पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात चकरा कमी झाल्या. चार दिवस, वर्षभर नाही. तेच दुःख रोज उगाळत बसलास तर लिहिणं पण एक घाणाच होतो. आणि झोप उडालीय, कशातच मन नाही असं असेल तर वही बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन कर, टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, लाजायचं काही कारण नाही.

आणि चौथी डायरी विकत आणू नकोस अजून. त्या तीन अर्धवट सुटलेल्या घरात कुठेतरी असतील, त्या शोध आणि आधी त्यांची खतावणी कर. त्यातही शेवटची तारीख बघ, तिन्हीची, आणि त्या आठवड्यात काय चाललं होतं ते आठव. माझ्या वहीत पण मध्येमध्ये कोरी पानं आहेत, आधी वाटायचं आळस, मग तारखा लावून बघितल्या तर सगळी ११ आणि २० च्या आसपासची, जीएसटीच्या रिटर्नची. साहेबांना ते पानच दाखवलं. एक ज्युनियर मिळाला, दीड वर्षांनी का होईना.