पशुपतिनाथाला मित्रासोबत जाताय?

विमानाने जाणार असाल तर आधार कार्डावर विसंबू नका. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. काठमांडूत घड्याळ १५ मिनिटं पुढे करा.

चामड्याचा पट्टा आणि पाकीट हॉटेलवरच ठेवा, मंदिरात चालत नाही. आत फोटोही काढायचे नाहीत. लिंग चतुर्मुखी, दारंही चार; पहिल्याच दाराशी रेटारेटी न करता चारही मुखांचं दर्शन घ्या.

मित्र हिंदू नसेल तर मुख्य मंदिरात त्याला प्रवेश नाही. हे त्याला आधीच सांगा, दारात कळलं की मन खट्टू होतं. तेवढ्या वेळात त्याने बागमतीच्या पूर्वतीरावरून मंदिर पाहावं. रोमिंग नसेल तर फोन लागणार नाही, म्हणून भेटायची जागा ठरवूनच वेगळे व्हा. समोर आर्यघाटावर चिता जळत असतात, तिकडे कॅमेरा रोखू नका.

नंतर दोघं मिळून बौद्धनाथला जा. स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घाला.