सूज उतरली, पण रक्ताचं काय?

प्रश्न : वय ६३, देवगडजवळ हापूसची बाग आहे. दिवाळीनंतर उजव्या डोळ्यासमोर खालच्या बाजूला धूसर पट्टा आला. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या शिरेची वरची फांदी तुंबल्याचं निदान झालं. डोळ्यातल्या तीन इंजेक्शनांनंतर ओसीटीत (पडद्याचे थर दाखवणाऱ्या फोटोत) सूज ५४० वरून २८० वर आली, तरी पेपरातली अक्षरं पुसटच दिसतात. आता डॉक्टर हाताच्या शिरेत रंग टोचून फोटो काढू म्हणतात. सूज गेली म्हणजे रक्त सुरू झालंच ना? आणि आंबा उतरवून मे अखेरीस गेलो तर चालेल का?

उत्तर : काका, सूज उतरली हे छानच झालं. पण तेवढ्यावरून रक्त सुरू झालं असं म्हणता येत नाही. ते आकडे मायक्रॉनमधले, पडद्याच्या मध्यभागाच्या जाडीचे. व्हाळ (ओढा) तुंबून कुणग्यात (भातखाचरात) चढलेलं पाणी पंपाने उपसलं, तरी व्हाळातला गाळ तिथेच राहतो. इंजेक्शन गळती थांबवतं, तुंबलेली शीर उघडत नाही.

तुमच्यासारख्या केसमध्ये शीर बहुधा रोहिणीच्या फाट्यावर चेपलेली सापडते. तिथे दोघींना मिळून एकच वेष्टण असतं आणि बीपीने कडक झालेली रोहिणी शिरेला दाबते. मागच्या केशवाहिन्या काही ठिकाणी कायमच्या बंद पडतात. अशी जागा अगदी मध्याजवळ असेल तर सूज गेल्यावरही अक्षर उठत नाही.

ते पाहायलाच रंगाचे फोटो. फ्लुरेसिन नावाचा हा रंग १९६१पासून यासाठी वापरात आहे. हाताच्या शिरेत टोचल्यावर दहा-पंधरा सेकंदांत तो पडद्यात पोचतो. निळ्या उजेडात वाहत्या नळ्या हिरव्या चमकतात, बंद भाग काळा राहतो. शीर उशिरा भरते तेही कळतं. कुणाकुणाला मळमळतं, आणि लघवी दिवसभर गर्द पिवळी होते. घाबरून मला फोन करू नका! ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगायचं.

ओसीटी अँजिओग्राफीत रंगही लागत नाही. एकाच जागेचे भराभर फोटो घेऊन रक्तपेशींची हालचाल टिपतात. शरीराने काढलेल्या पर्यायी वाटाही त्यात सुरेख दिसतात. पण फारच संथ वाहणारं रक्त त्यात ‘नाही’ असं दिसू शकतं, आणि कडेचा पडदा बऱ्याच यंत्रांत मावत नाही. रक्त मिनिटाला किती वाहतं हे मोजणारी डॉप्लर यंत्रं आहेत, पण ती बहुतेक संशोधनातच.

खर्च कशाला, तर पुढचं त्यावर ठरतं. उपाशी भाग मोठा असेल तर तिथून नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटू शकतात आणि डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. तशा दिसल्या तर त्या भागाला लेसर करता येतो. भाग छोटा असेल तर सूज परततेय का, एवढंच बघत राहायचं.

म्हणून मे अखेर नको. पेटी भरायला माणसं मिळतील, पण सूज इंजेक्शनचा असर उतरला की परत येऊ शकते. जाताना आधीचे सगळे फोटो न्या. आमच्याकडे निम्म्या फायली पावसाळी दमटीत चिकटून येतात आणि तुलनेला काहीच उरत नाही. तपासणीला थेंब घालून बाहुली मोठी केलेली असते, तेव्हा मोटारसायकल मुलाला चालवू द्या.

रक्त पातळ करायची गोळी कुणी सुचवली म्हणून आपल्या मनाने सुरू करू नका. बीपीची मात्र चुकवायची नाही, तपासणीच्या सकाळीसुद्धा.