वाचक विचारतात : भजनं एकच, मग चर्च दोन का?

प्रश्न : आम्ही सोलापूरचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे (सीएनआय). मुलीचं लग्न पुण्यातल्या मेथडिस्ट घरात ठरलंय. ना. वा. टिळकांची भजनं आम्हीही गातो, तेही गातात. मग चर्च वेगळं का? तिला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, आधी दुसरा प्रश्न. नाही लागणार. मेथडिस्टही तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात आणि तुमच्याकडे झालेला मानतात. दाखला तेवढा काढून ठेवा.

आता चर्चचं. सहा चर्चेस एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सीएनआय झालं. बोलणी १९२९ पासूनची! घोडं अडलं होतं ते मुख्यतः बिशपपाशी, म्हणजे अनेक मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यापाशी. आपली सोलापूरची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची. तिथे बिशप ही भानगडच नव्हती, कारभार त्या त्या चर्चच्या सभासदांच्या मतानं चाले. माझे वडील पंच होते. "आपल्या डोक्यावर साहेब कशाला?" असं ते उघड म्हणत. तिकडे अँग्लिकनांनी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्यांनी, १८८८ च्या लँबेथ परिषदेत (त्यांच्या बिशपांच्या सभेत) एकीसाठी चार गोष्टी ठरवलेल्या : पवित्र शास्त्र, मतांगीकार (श्रद्धेचा ठरीव जाहीरनामा), दोन संस्कार (बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन) आणि परंपरेनं आलेलं बिशपपद. पहिल्या तिन्हींना कोणाची ना नव्हती. शेवटी बिशप ठेवला, पण चर्चच्या घटनेनं बांधून. आणि त्या पदाचा धर्मशास्त्रीय अर्थ एकच मानावा अशी सक्ती केली नाही.

राहिली पाळकांची दीक्षा. कोणाची खरी, कोणाची अपुरी? एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना झाली, आणि ज्याला जे उणं असेल ते देवानं द्यावं, एवढंच मागितलं. काहींना ही पळवाट वाटते. मला विचाराल तर, इतका शहाणा मसुदा समितीच्या हातून क्वचित निघतो. बाप्टिस्ट फक्त समजत्या वयातच बाप्तिस्मा देतात, म्हणून त्यांच्यासाठी तान्ह्यांचा आणि प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य झाले.

तुमच्या व्याह्यांचं मेथडिस्ट चर्च, म्हणजे अमेरिकन परंपरेचं, या बोलण्यांत होतं. पण १९७० मध्ये, अगदी तोंडाशी आल्यावर, त्यांच्या परिषदेनं नकार दिला. ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट मात्र आत आले. गंमत म्हणजे ज्यांनी नकार दिला त्यांच्याकडे बिशप आधीपासूनच होते! पुढे १९८१ मध्ये ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झालं.

लग्न पुण्यात असेल तर तुमच्या पाळकांना आत्ताच सांगा. दोन्हीकडच्या पाळकांनी मिळून विधी करायला हरकत नसते, पण तिथल्या पाळकांना आधी विचारायला हवं. प्रभुभोजनालाही तिला तिकडे कोणी अडवणार नाही.