पांढरं जातंय? विमानात बसण्याआधी दाखवा

ताई, तुम्ही लिहिलंय की सहावा महिना लागलाय, महिन्याभरात अमळनेरहून मिस्टरांकडे इंग्लंडला यायचंय, अंगावरून पांढरं जातंय, वासही येतो. तर तिकडे आल्यावर दाखवू का? थांबू नका, तिथेच दाखवा.

घरात सांगतील, उष्णतेचं आहे, सब्जा घे. आपल्या खानदेशातल्या उन्हात ते पटतंही. पण करडं-पांढरं पातळ पाणी आणि माशासारखा वास असेल तर बहुधा ते बॅक्टेरियल व्हजायनोसिस असतं. योनीतले चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात, पीएच (आम्लतेचं माप) साडेचारच्या वर जातो, म्हणजे आम्लता कमी होते, आणि गार्डनेरेलासारखे जंतू वाढतात. दह्यासारखं घट्ट जात असेल, खाज असेल तर ती बुरशी. तिचं औषध वेगळं. म्हणून तपासल्याशिवाय मेडिकलवरून ‘किट’ (दोन-तीन गोळ्यांचं तयार पाकीट) आणू नका. त्यात बऱ्याचदा फ्लुकोनॅझोल असतं, गरोदरपणी ती गोळी टाळतात. डेटॉल किंवा तुरटीच्या पाण्याने आतून धुणंही बंद करा, त्याने उरलेले चांगले जंतूही जातात.

बॅक्टेरियल व्हजायनोसिस लैंगिक आजारात मोडत नाही, त्यामुळे सासरी कुणी संशयाने बोललं तर मनाला लावून घेऊ नका. दुर्लक्ष मात्र नको. दिवस भरण्याआधी बाळंत होणं, गर्भाचं पाणी लवकर जाणं, याच्याशी या संसर्गाचा संबंध आढळलाय. डॉक्टर बहुधा मेट्रोनिडॅझोल देतील, 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 7 दिवस, नाहीतर क्लिंडामायसिन. तोंड कडवट होतं, मळमळतं, तरी कोर्स अर्धवट सोडू नका. रिपोर्ट आणि औषधाची चिठ्ठी हातातल्या पर्समध्ये ठेवा.

इथली, म्हणजे इंग्लंडमधली, पद्धत वेगळी आहे. नेहमीची तपासणी मिडवाइफ (बाळंतपणाचं प्रशिक्षण घेतलेली सुईण) करते, आणि त्रास नसेल तर या संसर्गाची चाचणी होत नाही. त्यामुळे तिला तुम्हीच स्पष्ट सांगायचं. इंग्रजीची भीती वाटली तर दुभाषा मागा, पैसे पडत नाहीत. व्हिसासोबत आरोग्य अधिभार (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क) भरलेला असतो, म्हणून प्रसूतीचं बिल येत नाही. मिडवाइफकडून मॅटर्निटी एक्झेम्प्शन सर्टिफिकेट घेतलं की औषधंही फुकट. आल्याबरोबर जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा.

बरं झाल्यावरही हे बऱ्याचदा पुन्हा उलटतं, तेव्हा वास परत आला तर लगेच कळवा. आणि 37 आठवड्यांआधी पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा पोट राहून राहून आवळलं, तर सकाळची वाट न बघता मॅटर्निटी युनिटला (हॉस्पिटलातल्या बाळंतपण विभागाला) फोन करा. तिथे रात्रीही फोन उचलतात.