१९५ आणि २९५

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज सकाळी वाचला. रात्री पावणेदोनला पाठवलेला. ‘सर, आजपासून हवेत मारणं बंद.’ ट्रायल मॅचमध्ये ४६ वर लाँगऑनला झेल देऊन आलास आणि तंबूत तुला सगळ्यांसमोर ‘विकेट फेकून आला’ म्हणून सुनावलं, हे मला नंतर कळलं. झोप उडणारच. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं ‘हो सर, हो सर’ करतोस. म्हणून लिहायला बसलो.

वीरेंद्र सेहवागचे दोन फटके सांगतो. २६ डिसेंबर २००३, मेलबर्न. कसोटीचा पहिलाच दिवस आणि हा १९५ वर. सायमन कॅटिच, म्हणजे मूळचा फलंदाज, त्याचा फुलटॉस आला. षटकार मारून द्विशतक करायला गेला आणि सीमारेषेजवळ झेल देऊन परतला. मागून डाव घसरला, ३६६ वर आटोपला आणि ती कसोटी ऑस्ट्रेलियाने नऊ गडी राखून जिंकली. किंमत सगळ्या संघाने मोजली, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. मग तीन महिन्यांनी पाकिस्तानात, मुलतान. २९ मार्च २००४. आता तो २९५ वर. तोवर भारताच्या एकाही फलंदाजाचं कसोटीत त्रिशतक नव्हतं. सकलैन मुश्ताक टाकत होता. हा पुढे सरसावला आणि चेंडू सीमेपार गेला.

मुलतानचं कौतुक सगळेच करतात. तू मधल्या तीन महिन्यांचा विचार कर. मेलबर्नचा तो चेंडू मारण्याजोगाच होता. निर्णय बरोबर होता, फटका चुकला. त्यामुळे फटका टाकून द्यायचं काही कारणच नव्हतं, आणि त्याने तो टाकला नाही.

आता तुझं. मी साइटस्क्रीनच्या बाजूला उभा होतो. बाद व्हायच्या आधी तू स्कोअररच्या टेबलाकडे वळून बघितलंस. एकदा नाही, दोनदा. पुढचा चेंडू टप्प्यावर पडलेला, बाहेर वळणारा ऑफस्पिन होता, तुझ्यासारख्या डावखुऱ्याने कव्हरला ढकलून एक धाव घ्यावी असा. तू तो हातातून सुटायच्या आधीच मारला होतास. इथे फटका नाही, निर्णय चुकला. या दोन चुका वेगळ्या आहेत रे. त्यांना एकच औषध दिलंस तर दोन्ही बऱ्या होणार नाहीत.

आणखी एक. परवा तू पाणी प्यायला गेलास तेव्हा तुझी बॅट उचलून बघितली. दोन महिन्यांपूर्वी लाल ठसे मधोमध होते, एकावर एक, खालच्या टोकापासून पाचेक इंच वर. आता ते बाहेरच्या कडेकडे सरकलेत, दोन-तीन तर पार टोकाला आहेत. तुझा पुढचा पाय लवकर उघडतोय, डोकं त्याच्यामागे जातंय आणि बॅट चेंडूपर्यंत कशीबशी पोचतेय. सेहवागचे पाय हलत नाहीत असं लोक म्हणायचे. त्याचे जुने डाव बघताना पाय सोड, डोकं बघ. चेंडू येईपर्यंत ते जागचं हलत नाही. हात मोकळे सोडायला त्याला त्यामुळेच वेळ मिळायचा.

आपल्या मुंबईत पहिला तास गोलंदाजाला द्यावा, चेंडू जमिनीलगत ठेवावा, हे पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात ओल्या विकेटवर खेळलास की ते का सांगतात हे कळतं. ते शीकच. पण भीतीपोटी बचाव करू नकोस. तुझ्या वयाचा असताना मी हुक, म्हणजे अंगावर उसळलेला चेंडू लेगला मारायचा फटका, मारताना बाद झालो, प्रशिक्षकांनी पुढचे चार सामने बाहेर बसवलं. मी हुक सोडला. दोन सामन्यांत बातमी पसरली. मग प्रत्येक गोलंदाज बरगडीवर आपटायला लागला, कारण तिथे मी त्याला काहीच करणार नाही हे त्याला माहीत होतं. तीन हंगाम गेले माझे त्यात. एक फटका सोडला की गोलंदाजाला तेवढी जागा फुकटात मिळते. म्हणून तुझा मेसेज वाचून मला तुझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

आक्रमक सलामीवीर संघाला काय देतो, ते चेन्नईत बघ. डिसेंबर २००८, इंग्लंडविरुद्ध. चौथ्या डावात ३८७ हव्या होत्या. चौथ्या संध्याकाळी सेहवागने ६८ चेंडूंत ८३ केल्या, दिवसअखेर १ बाद १३१. शेवटच्या दिवशी सचिनने नाबाद शतक करून सामना जिंकून दिला, आणि लोकांच्या लक्षात ते शतक राहिलं. पण सामनावीर सेहवाग होता. श्रीलंकेत गॉलला त्याच वर्षी संघाच्या ३२९ पैकी २०१ त्याच्या एकट्याच्या, तेही नाबाद. मारणारा टिकत नाही असं कुणी म्हणालं तर हा डाव सांग.

संघाबाहेरही बसवतील, तयारी ठेव. २००७ मध्ये त्याला वगळलं होतं, जानेवारी २००८ मध्ये पर्थला परतला आणि पुढच्याच कसोटीत, ॲडलेडला, दुसऱ्या डावात १५१ करून कसोटी वाचवली. २०११ मध्ये खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर बर्मिंगहॅमला दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद झाला. १०४ कसोटी, ८५८६ धावा, शंभर चेंडूंमागे ८२ च्या वेगाने. त्या हिशोबात हे सगळं धरलेलं आहे.

रविवारी सकाळी साडेसहाला नेटवर ये. ऑफस्पिनरला बोलावलंय. वीस मिनिटं प्रत्येक चेंडू त्याच्या हातातून सुटला की मोठ्याने सांगायचं: ‘मारतो’, ‘ढकलतो’ किंवा ‘सोडतो’. सुटायच्या आधी तोंड उघडलंस तर तो चेंडू बाद धरणार. हीच बॅट आण. ठशांवर पॉलिशपेपर मारू नकोस, मला ते परत बघायचे आहेत.

तुझा
सर