आधी इंग्रजी सुधारू, मग प्रेझेंटेशन?

"काम येतं हो मॅडम, पण इंग्रजीत प्रेझेंटेशन म्हटलं की बोलतीच बंद होते." नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येणारी कितीतरी तरुण माणसं मला हेच सांगतात. आधी इंग्रजी पक्कं करायचं आणि मग उभं राहायचं, असं बहुतेकांनी मनाशी ठरवलेलं असतं. मला हा क्रमच मान्य नाही. का, ते एका तरुणाच्या अनुभवातून सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो सिन्नर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे मेकॅनिकल डिप्लोमा, आता वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. एका रिव्ह्यू मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांदेखत त्याचं इंग्रजी वाक्य मध्येच तोडून दुरुस्त केलं, आणि काही जण हसले. तेव्हापासून मीटिंगच्या आदल्या रात्री झोप लागेना, सकाळी पोटात गोळा यायचा. एकदा तर बरं नाही असं सांगून तो घरीच राहिला. आता जर्मनीहून ग्राहकाची माणसं येणार होती आणि एका तक्रारीवर काय उपाय केला, ते त्यालाच मांडायचं होतं.

त्याने पिशवीतून छापील पानं काढली. मोबाइलवरच्या एआय अ‍ॅपकडून भाषण लिहून घेतलं होतं. लांबच लांब वाक्यं, त्यानं आयुष्यात कधी न उच्चारलेले शब्द. "पाठ करतोय, पण एक शब्द अडला की पुढचं सगळं पुसलं जातं," तो म्हणाला. पुसलं जाणारच. मन घाबरलेलं असताना पाठ केलेली ओळच आधी दगा देते.

मी म्हटलं, पानं बाजूला ठेवा आणि त्या पार्टचं नेमकं काय झालं ते मराठीत सांगा. तो लगेच सुरू झाला. "बोअर ओव्हरसाइज येत होता. टूल लाइफ संपली तरी इन्सर्ट बदलला जात नव्हता. आधी सगळा स्टॉक सेग्रिगेट केला, शंभर टक्के इन्स्पेक्शन लावलं, मग मशीनला काउंटर बसवला." म्हणजे पार्टमधलं भोक मापापेक्षा मोठं पडत होतं, कारण झिजलेलं कापायचं पातं वेळेवर बदललं जात नव्हतं; म्हणून माल वेगळा काढून तपासला आणि मशीनवर किती पार्ट झाले ते मोजणारा काउंटर लावला. हात चालत होते, आवाज मोकळा होता, कुठेही अडखळणं नाही. हा सगळा क्रम 8डी रिपोर्टचा, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडण्याचा. फोर्ड कंपनीने 1987 मध्ये पुस्तिका काढून रूढ केलेली ही पद्धत समोरच्या जर्मन पाहुण्यांनाही तोंडपाठ असते. म्हणजे प्रेझेंटेशनचा सांगाडा त्याच्याकडे तयारच होता. कामाचे निम्मे शब्दही इंग्रजीच होते. उरली होती थोडी क्रियापदं: फाउंड, चेक्ड, चेंज्ड, मेजर्ड. मग आम्ही एका वाक्यात एकच गोष्ट असं ठरवलं. पाहुण्यांचंही इंग्रजी शिकलेलंच, त्यांनाही छोटी वाक्यंच सोपी जातात.

स्लाइडवरचे परिच्छेद काढून टाकले. लोक एकाच वेळी स्लाइड वाचू आणि बोलणाऱ्याचं ऐकू शकत नाहीत, दोन्हींतलं एक सुटतंच. एका स्लाइडवर एकच फोटो किंवा आलेख आणि वर पूर्ण वाक्याचं शीर्षक ठेवलं. पाठ फक्त सुरुवातीची दोन वाक्यं केली, कारण छातीची धडधड तिथेच सर्वांत जास्त असते.

आकड्यांवर मात्र आम्ही भरपूर वेळ दिला. फिफ्टीन की फिफ्टी, हा घोळ भल्याभल्यांचा होतो. म्हणून आकडा बोलताना बोट स्लाइडवरच्या आकड्यावर हवं. 'लाख' परदेशी माणसाला कळत नाही, तिथे हंड्रेड थाउजंड म्हणायचं. अर्धा टक्का रिजेक्शन म्हणजे 5,000 पीपीएम (दर दहा लाख नगांत 5,000), हे न अडखळता बोलता यावं म्हणून तो बाइकवरून घरी जाताना मोठ्याने आकडे म्हणायचा.

प्रश्नच कळला नाही तर? ही भीती सगळ्यात खोल होती. तिच्यासाठी दोन वाक्यं तयार ठेवली: "कुड यू प्लीज रिपीट दॅट?" आणि "आय विल चेक अँड कम बॅक टू यू." असं विचारण्यात कमीपणा नाही, हे त्याला पटायला वेळ लागला.

सराव उभं राहून, मोठ्याने, आधी बायकोसमोर आणि मग शिफ्ट सुटल्यावर दोन सहकाऱ्यांसमोर. मोबाइलवर रेकॉर्डिंग पाहिलं आणि तो चकित झाला. "हात थरथरत होते, पण यात दिसतच नाहीत!" सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये हेच दाखवलं होतं: आपल्याला वाटते तितकी आपली घाबरगुंडी समोरच्यांना दिसत नाही, आणि हे आधीच माहीत असलेले वक्ते अधिक चांगलं बोलतात.

प्रत्यक्ष दिवशी तो एका ठिकाणी अडला, पाणी प्यायला आणि पुढे गेला. व्याकरण चुकलंच. पण पाहुण्यांनी काउंटरबद्दल विचारलं तेव्हा तो त्यांना थेट मशीनपाशी घेऊन गेला आणि तिथे पाठ केलेलं काहीच लागलं नाही.

मासिक रिव्ह्यू आता तो स्वतः मागून घेतो. फोनवरचे कॉल अजून जड जातात, कारण तिथे समोरचा चेहरा नाही की बोट ठेवायला आलेख नाही. सध्या आम्ही त्यावर काम करतोय. कॉलच्या आधी आलेख मेलने पाठवायचा आणि बोलताना पान नंबर सांगायचा, इथून सुरुवात केली आहे.